टॉपचा प्रोसेसर हप्त्यावर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे व्हिडिओ एडिट करून देता, अधूनमधून गेमिंग असतं, आणि आताचा डेस्कटॉप डीडीआर३ या जुन्या रॅमच्या जमान्यातला, त्यामुळे कॅबिनेट आणि गेल्या वर्षी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड सोडलं तर बाकी सगळं नवीनच घ्यायचंय. मनात एएमडीचा १६ कोरचा रायझन ९ ९९५०एक्स बसलाय (कोर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), निम्मे पैसे इमर्जन्सी फंडातून आणि उरलेले हप्त्यावर, कारण मित्र म्हणतो की एकदाच टॉपचं घे, दहा वर्षं बघायला नको.

इमर्जन्सी फंडाला हात लावायचा नाही, त्यावर माझ्याकडून चर्चाच नाही. तुमचं जोडउत्पन्न दर महिन्याला सारखं येत नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग ज्या महिन्यात काम नाही त्याच महिन्यात हप्ता भरायचा आणि फंडही अर्धा झालेला, हे कशाला ओढवून घ्यायचं? आणि हप्ता नो कॉस्ट असला तरी रोख घेणाऱ्याला मिळणारा डिस्काउंट बऱ्याचदा सोडावा लागतो, वर प्रोसेसिंग फी, म्हणजे व्याज फक्त दुसऱ्या नावाने जातं.

आता ते दहा वर्षांचं. २०१७ साली रायझनची पहिली पिढी आली तेव्हा ८ कोरचा १८००एक्स हा त्यातला टॉपचा होता, लोकांनी असंच "आता बघायला नको" म्हणून घेतला. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि अधिकृत यादीत ती पिढीच नव्हती. २०२० मध्ये आलेल्या ६ कोरच्या ५६००एक्सने गेममध्ये त्याला सहज मागे टाकलं होतं ते वेगळंच. पण त्याच वेळी ज्याने स्वस्तातला ६ कोरचा १६०० आणि बरा मदरबोर्ड घेतला होता, त्याला पुढे बायोस (बोर्डाचं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर ५८००एक्स३डी बसवता आला, कारण एएमडीने एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) तेवढा काळ चालू ठेवला. दोघांत शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा. माझं म्हणणं एवढंच की भविष्यासाठी पैसे ठेवायचेच असतील तर ते बोर्डाच्या सॉकेटमध्ये ठेवा, कोरच्या संख्येत नको.

तरीही समजा १६ कोर तुम्हाला पैसे कमवून देणार असतील तर मी अडवणार नाही, पण ते आधी तपासा. एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल बनवणं) लावा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा ग्राफ दिसेल असं करा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. सगळ्या चौकटी काठोकाठ भरल्या तर कोर कमी पडतायत. एकदोनच भरलेल्या आणि बाकीच्या निवांत, तर जास्त कोर घेऊन त्याही निवांतच बसणार. आणि तिथेच जीपीयूमध्ये ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ एन्कोडचा ग्राफ वरती टेकला असेल, तर तुमचा एक्सपोर्ट मुळात कार्डावर चाललाय, प्रोसेसरला बिचाऱ्याला उगाच बोल लावताय. हिशोबही करून बघा, कामाचा ७० टक्के भाग सगळ्या कोरमध्ये वाटला जातो असं धरलं तर ८ चे १६ कोर केल्यावर वेळ साधारण ११ टक्केच वाचतो, कारण उरलेला ३० टक्के भाग एकट्या कोरवरच रखडलेला असतो. दुप्पट कोर म्हणजे निम्मा वेळ हे डोक्यातून काढा.

आणि वाचलेला प्रत्येक मिनिट पैशाचा नसतो. रात्री एक्सपोर्ट लावून तुम्ही झोपलात तर तो एक तास घेतो की पाऊण, तुमच्या खिशाला काही फरक नाही. खिशाला लागतं ते एडिट करताना टाइमलाइन अडखळत असताना तुम्ही हातावर हात धरून बसता ते, कारण ते तास तुमचे आहेत आणि त्या वेळात दुसरं काम झालं असतं. ते अडखळणं बहुतेक वेळा कोरमुळे नसतं, रॅम कमी असते नाहीतर कॅमेऱ्याची फाइल डीकोड करायला (उलगडून दाखवायला) जड असते. यातला एक उपाय फुकट आहे, प्रॉक्सी (मूळ फाइलच्या हलक्या कॉपी) बनवून एडिट करा, आजच्या मशीनवरसुद्धा फरक दिसेल.

तर मी काय घेतलं असतं? रायझन ७ ९७००एक्स, ८ कोर १६ थ्रेड, ६५ वॉटचा, तुमचा ९९५०एक्स १७० वॉटचा आहे. लाइट बिलाचं फार मनावर घेऊ नका, १०० वॉटचा फरक रोज चार तास पूर्ण लोडवर धरला तरी वर्षाला दीडशेच्या आत युनिट, खरा खर्च मोठा कूलर, तगडा बोर्ड आणि कदाचित मोठा पॉवर सप्लाय यांचा, जो प्रोसेसरच्या किमतीत कुणी धरतच नाही. दोन्ही एकाच एएम५ सॉकेटवर बसतात, म्हणजे काम वाढलं तर दोनतीन वर्षांनी तोच १६ कोरवाला त्याच बोर्डावर टाकता येईल, आणि तेव्हा तो सेकंडहँडही मिळेल. वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. एआय सर्व्हरच्या मागणीमुळे २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे तिथे बजेट आधी बाजूला काढा, आणि चार काड्यांऐवजी दोनच मोठ्या घ्या कारण आताची डीडीआर५ रॅम चार काड्यांवर बऱ्याचदा कमी स्पीडला चालते.

एक अपवाद. तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओ फॉरमॅट) शूट करत असेल तर चित्र बदलतं. हे फुटेज एनव्हिडियाची ५० सिरीजच्या आधीची कार्डं हार्डवेअरवर डीकोड करत नाहीत, इंटेलचं इनबिल्ट ग्राफिक्स मात्र करतं. अशा वेळी इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के बघा, पण नावात शेवटी एफ असलेला घेऊ नका, त्यात इनबिल्ट ग्राफिक्सच नसतं आणि थोडे पैसे वाचवायच्या नादात ज्यासाठी घेतला तेच जातं. तोटा सॉकेटचा, इंटेल दोनतीन पिढ्यांत तो बदलते, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही गेला असं धरून चाला.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे आय७, आय९ वापरलेले स्वस्तात दिसतील. त्यांच्यात व्होल्टेजमुळे क्रॅश व्हायची भानगड होती, २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) आला पण आधीच बिघडलेली चिप त्याने सुधरत नाही, त्यामुळे वॉरंटी शिल्लक नसेल तर सोडून द्या. गेमवाले एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी सुचवतील, तो गेमसाठी भारीच आहे, पण तुमच्या गेमिंगमधून पैसे येत नाहीत ना.

९७००एक्सच्या बॉक्समध्ये कूलर येत नाही, तो वेगळा धरा. एवढं करूनही रोखीत बसत नसेल तर रायझन ५ ७६०० वर या, त्यात कूलर मिळतो, बोर्ड आणि रॅम तीच ठेवा.