हे अवजार कशाचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या गॅरेजच्या पेट्यांबद्दल या वेळी भरपूर पत्रं आली आहेत. बहुतेकांनी अवजाराचा फोटो पाठवला, पण शेजारी पट्टी ठेवली नाही. पुढच्या वेळी पट्टी ठेवाच, आणि अवजार कुठे घासून चकचकीत झालंय ते जवळून टिपा. नाव पुसलं जातं, रंग उडतो, पण ज्या जागेने वर्षानुवर्षं काम केलं ती जागा लपत नाही.

प्रश्न (अंबाजोगाई): माळवदाच्या जुन्या घराच्या देवळीत पान्यांची गुंडाळी निघाली. एकावर एका तोंडाला ‘१/४ डब्ल्यू’ आणि दुसऱ्याला ‘५/१६ डब्ल्यू’ असं कोरलंय. पहिलं तोंड पाव इंचाचं म्हणावं तर ते दुपटीहून मोठं आहे. त्या तोंडाच्या नटाला १३ चा पाना जात नाही आणि १४ चा ढिला होतो. पाने चुकीचे बनलेत का?

उत्तर: पाने बरोबर आहेत, वाचायची रीत वेगळी आहे. हे व्हिटवर्थ मापाचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं, त्याच्या नावातला तो डब्ल्यू. आजच्या पान्यावर १३ लिहिलं असेल तर तोंड १३ मिलिमीटरचं असतं. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा मात्र तोंडाचा नसून बोल्टच्या दांडीचा. पाव इंच, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दोन सूत जाडीच्या बोल्टचं डोकं या पान्यात बसतं.

तोंडाची खरी मापं लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा: ३/१६ ला ११.३ मिलिमीटर, १/४ ला १३.३, ५/१६ ला १५.२, ३/८ ला १८, ७/१६ ला २०.८ आणि १/२ ला २३.४. तुमच्या नटाचं कोडं इथेच सुटलं. १३.३ वर १३ चा चढणार नाही आणि १४ चा कोपरे खाईल. तीन सुती, म्हणजे ३/८ च्या नटाला १८ चा पाना बिनदिक्कत चालतो, बाकी ठिकाणी मोह टाळा. कोपरे एकदा गोल झाले की पुढे छिन्नी हाच उपाय उरतो.

काही पान्यांच्या एकाच तोंडावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएस’ अशी दोन नावं दिसतील. त्यातही गफलत नाही. बीएस म्हणजे बारीक आट्याचा ब्रिटिश बोल्ट. त्याचं डोकं एक नंबर लहान ठेवलेलं असतं, म्हणून ५/१६ च्या बारीक आट्याच्या बोल्टला १/४ व्हिटवर्थचाच पाना लागतो. ‘२ बीए’ असं असेल तर ते आणखी वेगळं घराणं. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेच्या भागांचे, म्हणजे डायनॅमो, कटआउट, मॅग्नेटोचे बारके नट त्या मापाचे. २ बीए चं तोंड ८.२ मिलिमीटर.

असे पाने मराठवाड्यात निघतात यात आश्चर्य नाही. हा भाग निजाम राज्यात असताना, १९३२ साली, तिथली सरकारी बससेवा २७ गाड्यांवर सुरू झाली आणि त्या ताफ्यात ब्रिटनच्या अल्बियन गाड्या होत्या. पुढे बुलेट आली, विहिरींवर लिस्टर पद्धतीची ऑइल इंजिनं बसली, त्यांनाही हेच आटे. जीपला मात्र हे पाने लागत नाहीत. तिची मापं अमेरिकन, तिथे पान्यावरचा आकडा तोंडाचाच असतो. फिएट मिलिमीटरवाली.

पान्याइतकाच बोल्टकडेही डोळा ठेवा. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मिलिमीटर आट्याचा ६०. पाव इंचात व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आटा दोन्हींना इंचामागे २० आटे, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर गोडीगुलाबीने चढतो आणि ताण आला की आटे सोलतो. अर्ध्या इंचात एकाला १२ आणि दुसऱ्याला १३. तिथे नट दोन-तीन फेऱ्यांत अडकतो, आणि मिस्त्री ‘गंज असेल’ म्हणून लांब पाइप लावतो. अडकला की थांबा, उलटा फिरवा, आटे मोजायचं गेज लावून बघा.

प्रश्न (उदगीर): वीतभर लाकडी दांडी, दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या, एक लहान, एक मोठी. घरात कुणी म्हणतं खेळणं आहे, कुणी म्हणतं मोरी तुंबल्यावरचं.

उत्तर: ही व्हॉल्व्ह घासायची दांडी. इंजिनाचं हेड उतरवलं की व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून हवाबंद करावी लागते. वाटी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटते, आणि दांडी दोन तळहातांत धरून रवीने ताक घुसळावं तशी फिरवायची. इनलेट व्हॉल्व्हचं तोंड सहसा मोठं आणि एक्झॉस्टचं लहान, म्हणून दोन वाट्या. तुमच्या दांडीचं लाकूड मधोमध गुळगुळीत, काळपट झालेलं फोटोत दिसतंय. ती तळहातांची जागा. दांडीने पुष्कळ हेडं पाहिलीत.

वापरायची असेल तर असं करा. व्हॉल्व्हवरचा कार्बन आधी खरवडून काढा. व्हॉल्व्हच्या दांड्यावर इंजिन ऑइलचा थेंब द्या, म्हणजे पेस्ट चुकून गाइडमध्ये, दांडा सरकतो त्या नळीत, गेली तरी लगेच खाणार नाही. व्हॉल्व्हच्या तिरप्या कडेवर ग्राइंडिंग पेस्टचे तीन-चार ठिपके पुरे. वाटी ओली करून चिकटवा, पाव फेरी इकडे, पाव फेरी तिकडे. आठ-दहा घासण्यांनंतर व्हॉल्व्ह उचला, थोडा फिरवा, पुन्हा टेकवा. हे उचलणं टाळलं तर पेस्ट एका रेघेत जमते आणि बैठकीवर चरा पडतो. सुरुवातीला जो करकर आवाज येतो तो मंद होत गेला की पेस्ट बोथट झाली. ती पुसून नवी लावा. जाड पेस्ट खड्डे असतील तरच, शेवट बारीक पेस्टने.

काम झालं की व्हॉल्व्हवर आणि बैठकीवर राखाडी, मॅट, अखंड कडी दिसते. ती कुठे तुटली असेल तर व्हॉल्व्ह वाकडा आहे किंवा बैठक खराब आहे. मग पेस्टने भागत नाही, सीट कटर मारायला हवा. कडी जुळली की रॉकेलने सगळं दोनदा धुवा, स्प्रिंग बसवा आणि पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतून दोन-तीन मिनिटं थांबा. बैठकीपाशी ओल दिसली नाही तर पास. ज्या व्हॉल्व्हची जी बैठक, ती बदलायची नाही. काढतानाच पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. नव्या इंजिनांत ॲल्युमिनियमचा थर दिलेले व्हॉल्व्ह असतात, ते घासायचे नाहीत. थर जातो आणि व्हॉल्व्ह जळतो.

वाटीचं रबर कडक झालं असेल तर ती चिकटणार नाही. नवी दांडी घ्या, जुनी शोभेला ठेवा.

प्रश्न (जालना): भंगारातून घेतलं. लाकडी मूठ, त्यावर गोल मीटर, पुढे दोन जाड टोकदार काटे आणि काट्यांच्या मध्ये पत्र्याची नागमोडी पट्टी. मीटरवर तीनपर्यंतच आकडे आहेत.

उत्तर: बॅटरीच्या एकेका सेलवर ताण टाकून बघायचा टेस्टर. पूर्वीच्या बॅटरीला काळा कडक रबराचा खोका असे आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असत. काटे त्या पट्ट्यांत रोवायचे, म्हणून ते टोकदार. मधली नागमोडी पट्टी हाच ताण: सेल तिच्यातून मोठा करंट सोडतो आणि त्या वेळी व्होल्ट किती टिकतात ते मीटर सांगतं. भरलेला सेल मोकळा असताना २.१ व्होल्ट दाखवतो. ताणाखाली दहा सेकंद दीडच्या वर तग धरला तर ठीक. सहांपैकी एकच सेल झर्रकन खाली आला तर दोष त्याचा.

आजच्या बॅटरीवर पट्ट्या झाकणाखाली असतात, त्यामुळे हे यंत्र निरुपयोगी. आणि कृपा करून ते बॅटरीच्या दोन टोकांना लावून बघू नका. पट्टी दोन व्होल्टसाठी बनलेली आहे. बारा व्होल्टवर करंट सहा पट आणि उष्णता छत्तीस पट, पट्टी लाल होऊन वितळेल. जुनी बॅटरी मिळालीच तर चार्जिंगवरून काढल्या काढल्या टेस्टर लावू नका. वर हायड्रोजन साचलेला असतो आणि काटे रोवताना ठिणगी पडते.

प्रश्न (निलंगा): कागदी सुरीइतका पातळ दोनतोंडी पाना. एवढा पातळ कशाला?

उत्तर: टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा पाना. टॅपेटचा स्क्रू आणि त्याचा लॉकनट एकमेकांना चिकटून असतात, जाड पाना दोन्ही धरतो. याने जाम नट सोडवू नका, तोंड फाकतं आणि मग हा कशालाच बसत नाही.

प्रश्न (परतूर): लाकडी मुठीची, चमच्यासारखी वळलेली तीनधारी सुरी. भाकरीच्या तव्यावर खरवडायला चालेल का, असं घरून विचारतात.

उत्तर: तव्याला लावू नका, धार जाईल. हे बेअरिंगचं स्क्रेपर. ज्या काळी इंजिनात पांढऱ्या धातूची बेअरिंगं ओतून बसवत, तेव्हा ती क्रँकच्या मापाला हाताने आणावी लागत. क्रँकवर निळा रंग पातळ फासायचा, बेअरिंग बसवून क्रँक दोन फेरे फिरवायचा, उघडायचं. जिथे निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फेरे. निळे ठिपके पृष्ठभागाच्या तीन चतुर्थांशभर पसरेपर्यंत हेच, आणि त्यात दिवस जाई. आताची बेअरिंगं पातळ थराच्या पत्र्याची, ती खरवडायची नसतात, थेट बदलतात.

सुरीची पाठ उजेडात तिरपी धरा. बारीक आडव्या-तिरप्या रेषा दिसल्या तर ती झिजलेल्या कानशीपासून घडवली आहे. असं पुष्कळ होई, कारण कानशीचं पोलाद धार धरतं. पण ते ठिसूळही असतं, म्हणून तिच्यावर हातोडी मारू नका, तुकडा डोळ्यात उडतो.

प्रश्न (हिंगोली): जाड लोखंडी काटा, दोन दाते, दाते पाचरीसारखे निमुळते. मागचं टोक फुटलेल्या फुलासारखं पसरलंय.

उत्तर: टोक ज्या अर्थी पसरलंय त्या अर्थी त्यावर हातोडा बसलाय. स्टेअरिंगचा बॉल जॉइंट सोडवायची पाचर. जॉइंट आणि आर्म यांच्या मध्ये घुसवून मागून ठोकायची. जॉइंट सुटतो, पण रबरी बूट हमखास फाटतो. म्हणून जॉइंट फेकायचाच असेल तेव्हाच ही वापरा. वाचवायचा असेल तर नट दोन-तीन आटे शिल्लक ठेवून ढिला करा, आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्याने जोरात एक ठोका द्या. पसरलेलं टोक आधी ग्राइंडरवर साफ करा, तिथलीही चिप उडते.

प्रश्न (पूर्णा): गंज इतका की कोरलेलं काही वाचता येत नाही. डिस्क ग्राइंडर मारू का?

उत्तर: अजिबात नको. नाव आणि माप कोरलेलं असतं ते जेमतेम केसभर खोल, डिस्क ते पहिल्या फेऱ्यात खाते. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, पितळी ब्रशने घासा, कोरडं पुसा. मग कोरलेल्या जागी पांढरा खडू आडवा घासून वरवर पुसून घ्या. खाचांत खडू राहतो आणि अक्षरं उठून येतात. तिरपा टॉर्च मारला तर फोटोही चांगला निघतो. शेवटी इंजिन ऑइलचा हात फिरवून ठेवा.

प्रश्न (कंधार): दोन काटकोन वळणांची लोखंडी दांडी, टोकाला आडवी पिन. पिनच्या कडा झिजल्यात.

उत्तर: जीप किंवा जुन्या ट्रकचं स्टार्टिंग हँडल. पिन क्रँकपुलीच्या दात्यांत अडकते, झीज तिथलीच. मारून बघायचंच असेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि अंगठा मुठीभोवती न वळवता चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. टायमिंग पुढे असेल तर इंजिन उलटा झटका देतं, आणि वळलेला अंगठा त्यात मोडतो.