माह्या मायबद्दल काय लिहू?

प्रश्न : नमस्कार ताई, माह्या मायले जाऊन येत्या अकजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे वर्ष होते. बाबाले दहा-अकरा वर्षांआधी लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणंही गेलं, तवापासून त्यायचं सारं मायनंच केलं, आंघोळ, जेवण, हगणंमुतणं, आणि वावरातलं कामही सोडलं नाई. आता वहिनी करते. भाऊ म्हणते वर्षश्राद्धाले गावजेवण देऊ, चौकात मोठं फ्लेक्स लावू, आणि मले म्हणते तू शिकली हायेस तं चार ओळी लिहून वाच. लिहाले बसली तं प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती याच्या पुढं काही सुचतच नाई. फोटोही एकच, आधार कार्डावरचा. बाया म्हणते कुंकवासंगं गेली, नशीबवान होती, ते ऐकलं की मले अजून रडू येते. काय लिहू ते सांगजा.
— एक लेक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, ते तीन शब्द आधी खोडून टाका. खोटे नाहीत ते, पण कोणाच्याही मायला लागतात, फ्लेक्सवाल्याकडे तर टाईप करून तयारच असतात. त्यापेक्षा तिचे हात दिवसभर आणि रात्रभर काय करत होते ते लिहा.

एक गोष्ट घरी विचारा, एवढ्या वर्षांत बाबांच्या माकडहाडाला, पाठीला, टाचांना कधी जखम झाली का? नर्सिंगच्या पोरींना शिकवतात की अशा पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर हाडावरची कातडी दबून दबून तिथं जखम होते आणि ती चिघळत जाते. म्हणजे जखमा झाल्या नसतील तर दिवसभर वाकून कापूस वेचून आलेली बाई रात्री किती वेळा उठत असेल ते बघा, आणि हलवायचं कोणाला, तर स्वतःहून कूसही बदलता न येणाऱ्या मोठ्या माणसाला. पाणी पाजतानाही तसंच, लकव्याच्या माणसाला पातळ पाण्यानंच जास्त ठसका लागतो, ते छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो, म्हणून उठवून बसवायचं आणि घोट घोट द्यायचं. हे तिला कोणी शिकवलं? टाचेखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवायची का ती, पेज किती घट्ट करायची, त्यांना काय पाहिजे हे तिला कसं कळायचं? एवढंच लिहिलं तरी पान भरेल, आणि ऐकणाऱ्याला त्याग हा शब्द वेगळा सांगावा लागणार नाही.

केंद्र सरकारनं 2019 साली देशभर पाहणी केली होती, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा 97, आणि घरच्यांची देखभाल करणाऱ्यांत बायांची 134 मिनिटं, पुरुषांची 76. तुमच्या मायचा दिवस या सरासरीत मावायचा नाही.

कुंकवाचं म्हणाल तर बाया वाईट मनानं बोलत नाहीत. आपल्याकडे नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पितृपक्षातलं पानही अविधवा नवमीला वाढतात, म्हणजे तिची तिथीसुद्धा नवऱ्यावरूनच ठरते. मरण चांगलं आलं असं सगळे म्हणतात आणि जगणं कसं गेलं ते कोणी विचारत नाही, याचं तुम्हाला रडू येते, आणि ते बरोबरच आहे. म्हणून लकव्याच्या आधीची माय पण शोधा. तिची बहीण असेल, सोबत वेचणीला जाणाऱ्या बाया असतील, त्यांच्याजवळ बसा, सीतादहीला, म्हणजे कापसाची वेचणी सुरू करतानाच्या पूजेला, वावरात काय करायची, भुलाबाईची कोणती गाणी म्हणायची, कोणत्या गोष्टीवर चिडायची हे विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांच्या बोलीतच, शुद्ध करायला जाऊ नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली नसती तर 1951 साली त्या गेल्या तेव्हा ती पण गेली असती.

आणि बाबांना विचारा. उजवी बाजू गेली की बरेचदा वाचा जाते, पण म्हणून समजही जाते असं नाही. हो-नाही असे प्रश्न करा, डाव्या हातानं बोट दाबायला सांगा, मायची एखादी वस्तू हातात द्या, घाई करू नका. रात्री उठलेल्या मायला पाहणारे बहुतेक तेच एकटे होते.

आता पैशाचं. कर्ज काढून सण करू नका, पंगती घालू नका हे आपल्या अमरावतीकडचे गाडगेबाबा जन्मभर सांगत फिरले. भावाची ऐपत असेल तर जेवण देऊ द्या, पण फ्लेक्स आठ दिवसांत फाटतं, त्या पैशात बाबांसाठी हवेची गादी बघा, नसेल तर. गादी आली तरी कूस बदलावीच लागते, हे पण सांगून ठेवा.

पत्रातल्या "आता वहिनी करते" या तीन शब्दांपाशी मी थांबले. मायचं सगळं काम आता त्यांच्या अंगावर आलंय आणि मायचं करणं सगळ्यात जवळून त्यांनीच पाहिलंय, तरी त्यांच्याबद्दल पत्रात दुसरं काहीच नाही. भावाला स्पष्ट सांगा की रात्रीची पाळी त्यानं घ्यावी, बाबा त्याचेच आहेत आणि उचलायची ताकदही त्याच्यात जास्त असेल. तुम्ही माहेरी जाल तेव्हा दोन-चार दिवस तुम्ही करा, वहिनींना त्यांच्या माहेरी जाऊन येऊ द्या. वाचाल त्यात वहिनींचं नाव नक्की घ्या, सगळ्या गावासमोर.

लिहून झालं की आधी त्यांनाच वाचून दाखवा, कुठं चुकलं असेल तर त्या सांगतील. चार ओळींच्या जागी चार पानं झाली तरी कापू नका, पंगत थांबेल थोडी.