मुलीची नखं अर्धवट आहेत, कॅल्शियम सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही अंगठ्यांची नखं जन्मापासून अर्धीच आहेत, नवऱ्याचीही तशीच, आणि सासूबाई म्हणतात, "ही आमच्या घराण्याची खूण."

कॅल्शियमने काही होणार नाही. शाळेत असताना मी वर्षभर खाल्लंय. मी डॉक्टर नाही, पण हीच नखं माझी आहेत, आईचीही होती. सासूबाईंचं मात्र खरंय, खूणच आहे ती.

मुलीचा हात उजेडात धरून बघा. अंगठ्याचं नख सगळ्यात खराब आणि करंगळीकडे जावं तसं बरं होत जातं का? नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असते, ती गोल न दिसता मध्ये टोक काढलेली दिसते का? माझ्या तर्जनीवर ती थेट देवळाच्या शिखरासारखी आहे. मग नवऱ्याला पाय लांब करून बसवा आणि गुडघ्याची वाटी चाचपा. ती अगदी लहान असेल, बाजूला सरकत असेल किंवा त्यांचा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसेल, तर डॉक्टरांकडे 'नेल-पटेला सिंड्रोम'चा, म्हणजे नखं आणि गुडघ्याच्या वाटीच्या जन्मजात आजाराचा विषय काढा. साधारण 50 हजारांत एकाला असतो, त्यामुळे सहसा कुणाला चटकन सुचत नाही. मला 31व्या वर्षी कळलं, तेही कमरेच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या मागच्या बाजूला दोन शिंगं दिसली म्हणून! ती दिसली की शंका उरत नाही.

दोष 9व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता 50 टक्के. नखं, गुडघे यांच्यासोबत किडनीची गाळणी घडवायलाही तेच जनुक लागतं. ती गाळणी कच्ची असली की लघवीतून प्रथिनं जातात, आणि दुखत काहीच नाही. आईच्या पायांना सूज यायची, आम्ही म्हणायचो, दिवसभर उभी असते ना.

सगळ्यांची किडनी बिघडत नाही, बहुतेकांची शेवटपर्यंत चालते. पण दोघांचीही लघवीची प्रथिनांसाठी तपासणी आणि रक्तदाब दरवर्षी बघा. नवऱ्याचा डोळ्यांचा दाबही मोजून घ्या, काचबिंदू यात लवकर येऊ शकतो. आणि ते गुडघेदुखीवर मेडिकलमधून गोळ्या आणून खात असतील, तर डॉक्टरांना आधी ते सांगा. त्यातल्या बऱ्याच गोळ्या अशा किडनीला सोसत नाहीत.