जनुकाला श्रेय देण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम नमस्कार.

एक जनुक वगळल्यावर यीस्टच्या अधिक पेशी ५० अंश सेल्सिअसला तगून राहतात, हे तुझे निरीक्षण मला मोलाचे वाटते. तरीही ‘हे जनुक ताण-प्रतिसादाला आवर घालते’ असे विधान आताच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णता देण्यापूर्वी त्या पेशी कोणत्या अवस्थेत होत्या, हे प्रथम तपासून पाहा. पोषक माध्यमात ३० अंशांना यीस्टची संख्या साधारण ९० मिनिटांत दुप्पट होते आणि अशा वेगाने वाढणाऱ्या पेशी उष्णतेपुढे फार हळव्या असतात; पण ग्लुकोज संपत आले की वाढीला चालना देणाऱ्या प्रथिन कायनेज ए या विकराची क्रिया मंदावते, एमएसएन२ आणि एमएसएन४ ही ताणाशी संबंधित जनुके चालू करणारी प्रथिने केंद्रकात शिरतात, ट्रेहॅलोज ही संरक्षक शर्करा आणि एचएसपी१०४ हे बिघडलेली प्रथिने सावरणारे प्रथिन यांचा साठा वाढतो, आणि जनुकसंचात कोणताही बदल न होता तीच पेशी कितीतरी अधिक ताण सोसते. तुझे उत्परिवर्ती वाण मुळातच सावकाश वाढत असेल, तर तुला दिसलेली सहनशीलता केवळ त्या मंद वाढीची छाया असू शकते. कोणते जनुक किती सक्रिय आहे हे सांगणाऱ्या आरएनएच्या मोजणीवरही इथे विसंबता येत नाही. निरनिराळ्या ताणांत सुमारे ९०० जनुके एकाच धाटणीने वरखाली होतात, हे २००० साली मायक्रोअ‍ॅरेने, म्हणजे हजारो जनुकांची सक्रियता एकाच वेळी मोजणाऱ्या तंत्राने, दाखवून दिले. त्यांतल्या दबणाऱ्या सुमारे ६०० जनुकांपैकी बरीच रायबोसोमच्या घडणीशी निगडित आहेत, आणि वाढ मंदावली की तीही दबतात. म्हणून वन्य (मूळ) आणि उत्परिवर्ती अशा दोन्ही वाणांचे वाढीचे आलेख काढ आणि दोन्ही वाढीच्या ऐन भरात असताना, सारख्याच घनतेला, उष्णता दे.

यानंतरही फरक टिकला, तर सेंट्रोमियर असलेल्या, म्हणजे पेशीत एक-दोनच प्रतींत राहणाऱ्या, प्लाझ्मिडवरून (छोट्या वर्तुळाकार डीएनएवरून) मूळ जनुक परत घाल आणि सहनशीलता पूर्ववत होते का ते पाहा. वगळणीच्या वाणांत कधी एखाद्या गुणसूत्राची जादा प्रत किंवा दुसरे एखादे उत्परिवर्तन लपलेले असते. ते ओळखण्यासाठी वन्य वाणाशी संकर करून चतुष्के, म्हणजे एका संकरित पेशीपासून झालेले चार-चार बीजाणू, विलग कर. सूक्ष्मदर्शकाखाली चार-चार बीजाणू सुईने वेगळे करण्याचे हे काम जुने आणि चिकाटीचे आहे, पण माझा त्याच्यावर सर्वाधिक विश्वास आहे. प्रत्येक चतुष्कात सहनशीलता २:२ विभागली जाऊन जी४१८ या प्रतिजैविकाच्या रोधकतेबरोबरच, म्हणजे वगळलेल्या जनुकाच्या जागी घातलेल्या खुणेबरोबरच, गेली पाहिजे. ग्लिसरॉलवरची वाढही पाहून ठेव, म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावलेल्या आणि म्हणून ग्लिसरॉलवर न वाढणाऱ्या पेशी वेळीच वगळता येतील.

वाढीचे आलेख तयार झाले की आधी तेच पाठव. चतुष्कांची आखणी आपण ते पाहून करू.

तुझा हितचिंतक