कडी दुसऱ्यांदा वाजते

"ताई, दीड वर्षापूर्वी परसात कोंबडीची सहा पिल्लं आणली. घरातल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं, मुलांनी मोबाइलमधून डोकं वर काढावं, एवढीच इच्छा होती. पहिले काही महिने छान गेले. आता खुराडं मीच झाडते, पाणी मीच बदलते. नवरा फक्त अंडी मोजतो. धाकटा तर पिल्लं मोठी झाल्यापासून तिकडे फिरकत नाही. दहा वर्षांची मुलगी तेवढी संध्याकाळी खुराडं लावते, पण मी परत जाऊन कडी बघतेच. त्यात महिनाभर अंडी बंद, पिसंही झडताहेत. सगळ्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात असं वाटतं."

अंड्यांचं आधी उरकते, कारण त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. दिवस लहान व्हायला लागले की या वयाच्या कोंबड्या जुनी पिसं टाकतात. पीस बहुतेक प्रथिनांचंच बनतं, त्यामुळे अंड्यासाठी अंगात फारसं उरत नाही. दोन-तीन महिने धीर धरा. खाद्यातली प्रथिनं थोडी वाढवा आणि नव्या पिसांचे कोंब फुटत असताना त्यांना उगाच उचलू नका, ते कोंब दुखरे असतात. नवी पिसं भरून आली आणि दिवस पुन्हा मोठे व्हायला लागले की अंडी पुन्हा सुरू होतील. एखादी अंग चोरून कोपऱ्यात बसून राहिली, खाईना, तर मात्र पशुवैद्याला दाखवा.

आता कडी. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मी मात्र त्या 'बघतेच'मधल्या 'च'पाशी अडकले.

मुलगी लावते आणि तुम्ही बघता, म्हणजे खुराडं लावतं कोण? तुम्हीच. आणि हे तिला कळत नसेल असं समजू नका. अंथरुणात पडल्या पडल्या तिला ती कडी दुसऱ्यांदा वाजलेली ऐकू येते. मला माहीत आहे, कारण लहानपणी आमच्याकडे खुराडं लावायचं काम माझं होतं आणि माझ्यामागून आई जायची. वर्षभरात मी कोंबड्या मोजणं सोडून दिलं. आई मोजणारच होती.

नवऱ्याचं काय झालं असेल याचाही अंदाज येतो. अंडी मोजण्यात कुणाला चूक काढता येत नाही. बाकीच्या कामांत त्यांची किती वेळा काढलीत, ते तुम्हीच आठवा. घरात कुणी काही करत नाही ही तुमची तक्रार मला मान्य नाही. करणारी एक आहे, आणि तुम्ही रोज रात्री तिचं काम पुसून टाकता.

आणि कोणत्या वेळचं काम! उजेड उतरला की कोंबड्या आपल्या पायांनी आत जातात, मागे पळावं लागत नाही. मग दांडीवरच्या जागेसाठी धक्काबुक्की. जिचा वचक असतो ती हवी तिथे बसते, दुबळी बहुधा कडेला ढकलली जाते. हळूहळू कुरकुर थांबते. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून हात लावला तरी बिथरत नाहीत. छातीखाली हात सरकवला की पिसांत झाकलेली बोटं लागतात, ऊन ऊन. एक, दोन, तीन, असं सहापर्यंत. ही मोजणी तुमच्या मुलीची आहे.

कोंबड्यांमध्ये कोण कुणाला चोच मारते याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 च्या आपल्या प्रबंधात मांडलं. त्याला आधार होता त्यांच्या स्वतःच्या कोंबड्यांच्या नोंदींचा, आणि त्या नोंदी ते दहाव्या वर्षापासून ठेवत होते. तुमच्या मुलीएवढे असल्यापासून.

उद्या दिवसाउजेडी तिला सोबत घेऊन दाराला दुसरी कडी बसवा, मांजराच्या पंजाने उघडणार नाही अशी. स्क्रू तिलाच पिळू द्या. जाळी कुठे सैल झाली आहे का, तेही तिलाच शोधू द्या. आणि संध्याकाळी ती खुराडं लावून आली की तुम्ही घरातून हलायचं नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. धोका आहे, खोटं कशाला सांगू? एखाद्या रात्री ती विसरेल आणि कदाचित एक कोंबडी जाईल. पण दहा वर्षांच्या मुलीला सहा जीव सांभाळता येतात, आणि तिला ते यायला हवेत म्हणूनच तुम्ही ती पिल्लं आणली होतीत. कोंबड्या द्यायच्या की ठेवायच्या हे आता तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.

ती आत आली की "कडी नीट लावलीस का?" असं विचारायचं नाही. जेवताना, सगळ्यांसमोर, एवढंच विचारा: "आज कडेला कोण बसली गं?"