सासऱ्यांना चाचणीत घ्यावे का? नानांच्या अंगठ्याचा अनुभव

आपण विचारले आहे की, मधुमेहामुळे सासऱ्यांच्या तळपायाला झालेली जखम तीन महिने भरत नाही, डॉक्टर त्यांना एका नव्या उपकरणाच्या चाचणीत घ्यायला तयार आहेत, सगळे विनामूल्य होणार आहे, तर घ्यावे, की 'इंदूरमध्ये पूर्वी जे झाले ते पाहता' लांबच राहावे. आणि चाचणीत माणसाचा उंदीर होतो हे खरे का. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्याचे आहे: संमतिपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे कोणी घरात असेल तर घ्यावे, नसेल तर घेऊ नये. दुसऱ्या भागाला मला वेळ लागेल, कारण हा 'उंदीर' माझ्या थोरल्या भावाने २०१४ साली पुण्याहून फोनवर मला ऐकवला होता आणि तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

आमचे नाना, म्हणजे वडील, तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि इंदूरच्या लोकमान्य नगरात माझ्याकडे राहत होते. मधुमेह वीस वर्षांचा. एके दिवशी चपलेत खडा शिरला, पायाला संवेदना नसल्यामुळे त्यांना तो संध्याकाळपर्यंत कळला नाही, आणि उजव्या अंगठ्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम झाली. अडीच महिने ती तशीच होती. तेव्हा एका रुग्णालयात (नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे) एका जेलची चाचणी चालू असल्याचे कळले. निम्म्या रुग्णांना औषध असलेले जेल, निम्म्यांना तेच जेल औषधावाचून, आणि कोणाच्या ट्यूबमध्ये काय आहे हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. जखम साफ करणे, ड्रेसिंग आणि पायावरचा भार काढणे मात्र दोन्ही गटांना सारखेच.

दादाला दोष देण्याआधी त्याची बाजूही सांगायला हवी. इंदूरमधल्या औषधचाचण्यांच्या बातम्या त्याआधी तीन-चार वर्षे येत होत्या आणि आपण चाचणीत आहोत हे रुग्णांना सांगितलेच नव्हते, अशा तक्रारी त्यांत होत्या. २०१२ साली इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३० जानेवारी २०१३ रोजी चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याचा नियम अधिसूचित झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे झाले. दादाने बातम्यांचा पहिला भाग वाचला आणि दुसरा वाचला नाही. 'तू नानांचा उंदीर करते आहेस, आणि तोही फुकटच्या पट्टीसाठी,' असे तो म्हणाला. पट्टी बांधायला मात्र तो एकाही सोमवारी इथे नव्हता.

संमतिपत्र २२ पानांचे होते, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी प्रत मागितली तेव्हा तिथली समन्वयक मुलगी म्हणाली, "आंटी, हिंदी तो सबको आती है।" इंदुरात हे खोटे नाही. नानांचा जन्म गिरणीत हिंदी बोलण्यात आणि बाजारात माळवी बोलण्यात गेला होता. पण हिशेब, देव आणि दुखणे ही तीन खाती त्यांनी शेवटपर्यंत मराठीतच ठेवली होती. मराठी भाषांतर करून घ्यायचे तर ते आधी नैतिकता समितीने (रुग्णांचे हित पाहून चाचणीला मंजुरी देणाऱ्या समितीने) मंजूर करायला हवे आणि त्यात तीन-चार आठवडे जातील, असे कळले. जखम तेवढी थांबणार नव्हती. म्हणून मी ती प्रत घरी आणली आणि तीन संध्याकाळी बसून नानांना ओळीओळीने मराठीत सांगितली. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षे काढल्यामुळे बारीक अक्षरांची मला भीती वाटत नाही. 'निष्क्रिय पदार्थ' या शब्दाशी आलो तेव्हा नाना म्हणाले, "म्हणजे पेन्शनर." त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र त्या २२ पानांतला सर्वांत महत्त्वाचा होता: "मला बिनऔषधाचे जेल मिळाले आणि त्यात पाय गेला, तर?" उत्तर अकराव्या पानावर होते. जखम ठरलेल्या प्रमाणाबाहेर वाढली किंवा तिच्यात पू झाला, तर चाचणी थांबवून नेहमीचे उपचार करायचे होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून तेच त्यांच्या तोंडून वदवून घेतले आणि मगच आम्ही होकार दिला.

चित्रीकरणाच्या दिवशी नाना काळी टोपी घालून बसले. "आप अपनी मर्ज़ी से शामिल हो रहे हैं?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "मर्जी माझीच, मुलीची नाही." उत्तर मराठीत आल्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. सही त्यांनी मोडीत केली, कारण होळकरांच्या दप्तरात कारकून असलेल्या त्यांच्या वडिलांनी त्यांना सहीपुरती मोडी शिकवली होती, आणि तारीख देवनागरी आकड्यांत घातली: ११ जुलै. महिनाभराने चाचणी करवणाऱ्या कंपनीचा मॉनिटर कागद तपासायला आला. त्या दक्षिणेकडच्या बिचाऱ्याने आमचे अकरा इंग्रजी नव्व्याण्णव म्हणून वाचले आणि ९९ तारीख कोणत्या महिन्यात येते अशी लेखी शंका काढली. अशा कागदांवर खाडाखोड चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारून, जुने वाचता येईल असे ठेवून, शेजारी नवे लिहायचे आणि सही-तारीख करायची. नाना म्हणाले, "चूक माझी नाही, मी रेघ मारणार नाही." शेवटी समन्वयकेने वेगळ्या कागदावर खुलासा लिहून फाइलला लावला. ज्या ठिकाणी माणसाच्या एका अकराची इतकी चौकशी होते, तिथे त्याचा उंदीर झाला असे मी तरी म्हणणार नाही.

पहिले दोन आठवडे जेल दिलेच नाही, नुसती काळजी घेतली. जी जखम एवढ्यानेच झपाट्याने आखडते तिला चाचणीत घेत नाहीत, कारण मग जेलचे श्रेय किती हे कळत नाही. नानांची जखम बेताचीच आखडली आणि ते आत राहिले. दर सोमवारी रिक्षाने जायचे, प्रवासखर्चाचे ३०० रुपये पावतीवर सही करून घ्यायचे, जखमेवरची मेलेली कातडी खरवडून काढायची आणि मग पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड पेनाने गिरवायची. त्या कागदाला नाना 'सातबारा' म्हणत. अंगठ्याखाली खळगा केलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल त्यांना दिली होती आणि ती घरातही घालायची होती. इथे सगळे अडले. नाना पहाटे देवघरात अनवाणी जात, तिथून अनवाणीच स्वयंपाकघरात येत आणि चहा होईपर्यंत तसेच उभे राहत. समन्वयक मुलीने हे तीन प्रश्नांत त्यांच्याकडून काढून घेतले, जे मला अडीच महिन्यांत सुचले नव्हते. मग आम्ही तशाच चपलांचा दुसरा, कोरा जोड आणला. तो फक्त देवघरापुरता. नानांनी त्याच्यावर गंगाजल शिंपडले आणि प्रश्न मिटला.

आता तक्रार. सातव्या आठवड्यात गणपती बसले. एका संध्याकाळी नाना इन्सुलिन घेऊन व्याख्यानाला गेले, वक्ता लांबला, जेवण राहिले, आणि घरी येताच साखर उतरून ते पडले. त्यांना जवळच्या नर्सिंग होममध्ये दोन दिवस ठेवावे लागले. संमतिपत्रावर चोवीस तास चालू म्हणून दिलेला क्रमांक रात्री साडेअकराला बंद होता. सकाळी समन्वयक म्हणाली, "ये तो शुगर का मामला है, जेल से क्या लेना-देना?" तिला मी चौदावे पान वाचून दाखवले. चाचणीतल्या रुग्णाला कोणत्याही कारणाने भरती करावे लागले की ती गंभीर घटना ठरते आणि तिची नोंद होते. चाचणीशी संबंध आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. डॉक्टरांना ती घडल्यापासून २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि नैतिकता समितीला कळवायचे असते. डॉक्टरांनी कळवले, पण मी पान उघडल्यावर. नर्सिंग होमचे बिल मीच भरले, कारण दोष जेलचा नव्हता, व्याख्यानाचा होता. दादाला मात्र हे बिल पुरले. 'नानांची किंमत किती लावली आहे त्यांनी?' असे त्याने विचारले. तेव्हा मी फोन ठेवला होता. आज उत्तर देते. सध्याच्या नियमांत, चाचणीमुळे मृत्यू झाल्यास ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून तिला वयाच्या आणि धोक्याच्या गुणकाने गुणतात आणि ९९.३७ ने भागतात. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा गुणकच ९९.३७ असतो, म्हणून ८ लाख गुणिले धोक्याचा गुणक एवढेच उरते, आणि तो ०.५ ते ४ असतो. आधीच जितका आजारी, तितका गुणक कमी. हे कोणाला निर्दय वाटेल, पण निदान तो लिहून ठेवलेला हिशेब आहे. दादाचा हिशेब आजवर कोणी लिहिलेला पाहिला नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी जखम भरली. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून ती भरलेलीच आहे, याची खात्री झाल्यावर त्यांनी तसे नोंदवले, आणि आम्ही उरलेला फराळ तिथे नेऊन दिला. इथून दादाची भाषा बदलली. आता ते जेल 'चमत्कारी' झाले, आणि पुण्यातल्या नातेवाइकांना तो सांगू लागला की नानांना आम्ही नव्या औषधावर ठेवले होते. 'आम्ही' हा शब्द मी इथे मुद्दाम उतरवला आहे.

चाचणी संपल्यावर नानांना कोणते जेल मिळाले होते ते कळवावे, असे मी लेखी मागितले होते. पत्र यायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. नानांच्या ट्यूबमध्ये औषध नव्हते. अंगठा बरा केला तो दर सोमवारच्या खरवडण्याने, खळगा केलेल्या चपलेने आणि देवघरातल्या त्या कोऱ्या जोडाने. ते पत्र मी दादाला वाचून दाखवले. तो म्हणाला, कंपनीने खोटे कळवले असेल.

तेव्हा आपल्या सासऱ्यांबद्दल. बिनउपकरणाच्या गटात गेलो तर फसलो, असे आधी मनातून काढा. त्या गटातली नेहमीची काळजी घरच्यापेक्षा चांगली आहे का, एवढे पाहा. आपली चाचणी उपकरणाची आहे, म्हणून तिला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. औषधांचे २०१९ चे नियम वेगळे आहेत. उपकरण नवे असेल तर केंद्रीय परवानगीचे पत्र आहे का, नैतिकता समितीची नोंदणी आहे का आणि भारतीय चाचणी नोंदणीत तिचा क्रमांक आहे का, हे विचारा. ती नोंदणी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. कॅमेरा दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नका. २०१५ पासून चित्रीकरण नव्या रेणूच्या औषधांच्या चाचणीत दुर्बल गटातील रुग्णांपुरतेच सक्तीचे आहे. रात्रीचा क्रमांक मात्र सही करण्याआधी, रात्रीच, स्वतः लावून पाहा. आणि घरात कोणी दुसऱ्या शहरातून 'उंदीर' म्हणणारे असेल, तर त्यांना सलग चार सोमवार ड्रेसिंगला सोबत न्यावे आणि मग मत विचारावे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. पाय काळा पडत असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा पायाची नाडी लागत नसेल, तर चाचणीच्या रांगेत थांबू नका आणि आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना दाखवा. चाचणीवाले अशा पायाला बहुधा घेतही नाहीत. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत त्याच दिवशी हातात घ्या. ती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, तरी आम्हाला दोनदा मागावी लागली. नाना जाऊन आता काही वर्षे झाली. ती प्रत आणि ते पत्र मी एकाच पाकिटात ठेवले आहे, आणि दादा इंदूरला आला की ते टीपॉयवर काढून ठेवते. तो त्याच्यावर चहाचा कप ठेवतो.