होमचं यमक कमशी का जुळत नाही? वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न

यावेळी आलेली बरीचशी पत्रं राइमिंग वर्ड्सवरच आहेत, शाळांमध्ये छोट्या वर्गांना सध्या हेच चाललंय वाटतं. म्हणून व्याकरणाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ आणि आज फक्त यमकाचं बघू.

प्रश्न: माझा नातू केजी टू मध्ये आहे, इंग्लिश मीडियमला. वर्कशीटमध्ये ‘होम’शी जुळणारा शब्द लिहायचा होता, त्याने ‘कम’ लिहिलं. दोन्हीच्या शेवटी ओ-एम-ई आहे ना! मॅडमनी चूक दिली आणि पोरगं रडत घरी आलं. मी मराठी शाळेत शिकलेली, त्याला काय समजावू? — एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर

आजी, आधी त्याला जवळ घ्या आणि सांगा की तू नीट बघून लिहिलंस, फक्त इथे बघायचं नसतं, ऐकायचं असतं. इंग्रजीत यमक जुळतं ते आवाजावर, स्पेलिंगवर अजिबात नाही. शब्दात ज्या स्वरावर जोर येतो, तो स्वर आणि त्याच्या पुढचं सगळं सारखं ऐकू आलं पाहिजे आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे, बस एवढाच नियम. ‘होम’मध्ये ‘ओम’ ऐकू येतं, ‘कम’मध्ये ‘अम’, म्हणून नाही जुळत.

आता ‘होम’च्या घरचे कोण ते ऐका. फोम म्हणजे फेस, डोम म्हणजे घुमट, रोम म्हणजे भटकणं, आणि कोम म्हणजे आपली फणी. या ‘कोम’च्या शेवटी बी लिहितात पण बोलत नाहीत. आणि ‘कम’च्या घरचे म्हणजे सम (थोडंसं), ड्रम, थम (अंगठा), क्रम (पावाचा किंवा बिस्किटाचा चुरा), प्लम (आलुबुखारा). यातल्या थम आणि क्रमच्या शेवटीसुद्धा न बोलायचा बी आहे.

या ओ-एम-बी वाल्यांची गंमत तर नातवाला नक्की दाखवा. कोम, टूम, बॉम. फणी, थडगं आणि बॉम्ब. तिघांच्या शेवटी ओ-एम-बी, तिघांत बी मुका, आणि तरी तिघांचं आपसात यमक नाही! कोम जातं होमकडे, टूम जातं रूमकडे आणि बॉम जातं टॉमकडे. तीन शब्द कागदावर लिहा, त्याला मोठ्याने म्हणायला लावा, मग त्याचं त्यालाच कळेल की डोळा इथे फसवतो.

आता ‘कम’ला ओ का लिहितात, हे तुम्ही विचारलं नाहीये पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘कुमन’ होता आणि त्यात यू लिहायचे. तेव्हा सगळं हाताने लिहिलं जायचं आणि त्या काळच्या वळणात यू म्हणजे दोन उभ्या काड्या, एन म्हणजे पण दोन काड्या, एम म्हणजे तीन. यू आणि एम शेजारी आले की सरळ पाच काड्या एका रांगेत, आता त्यातलं कुठलं अक्षर कुठे संपतं हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? म्हणून लिहिणाऱ्यांनी अशा ठिकाणी यू काढून गोल ओ लिहायला सुरुवात केली असं जाणकार सांगतात. कम, सम, लव्ह, मंक आणि मुलगा या अर्थाचा सन, या सगळ्यांत म्हणूनच ओ दिसतो आणि ‘अ’ ऐकू येतो. तो ‘सन’ जुन्या इंग्रजीत ‘सुनु’ होता, आपल्या संस्कृतातला ‘सूनु’ त्याचा सख्खा भाऊबंद. म्हणजे नातवाने जे ओ-एम-ई बघितलं ते काही शतकांपूर्वीच्या लेखनिकांची सोय होती, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष!

प्रश्न: फूड, गुड, ब्लड. तिन्हीत डबल ओ. मुलीला एकच नियम सांगितला की डबल ओ म्हणजे ‘ऊ’, आणि आता ती ‘ब्लूड’ म्हणते. काही नियम आहे की नाही? — एक बाबा, राजेंद्र नगर, इंदूर

नियम एकेकाळी होता दादा. हे तिन्ही शब्द फार पूर्वी लांब ‘ओ’ने बोलले जायचे, साधारण फोड, गोड, ब्लोड असे, तेव्हा त्यांचं आपसात खरंच जुळत होतं. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे लांब स्वर हळूहळू सरकले आणि ‘ओ’चा झाला ‘ऊ’. त्यातला फूड तसाच लांब राहिला. ब्लड आणि फ्लड लवकर आखूड झाले आणि पुढे कट, मड वगैरेंबरोबर ‘अ’ झाले. गुड उशिरा आखूड झाला म्हणून तो ऱ्हस्व ‘उ’वरच थांबला. आणि हे सगळं चालू असतानाच, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं आणि बोलणं मात्र पुढे जात राहिलं.

मुलीला नियम सांगू नका, गट सांगा. फूड बरोबर मूड आणि रूड (उद्धट). गुड बरोबर वुड (लाकूड), स्टुड (उभा राहिला), कुड, शुड. ब्लड बरोबर मड (चिखल), बड (कळी), फ्लड (पूर). यातल्या ‘कुड’मध्ये जो मुका एल आहे ना, तो त्या शब्दात कधी बोललाच गेला नव्हता, ‘विल’पासूनचा वुड (लाकूडवाला नव्हे) आणि शुडमध्ये खरा एल होता म्हणून त्यांचं बघून तो याच्यातही घातला गेला. अर्थ मात्र प्रत्येक शब्दाबरोबर सांगा आणि जमलं तर वस्तू दाखवूनच सांगा. पावसात गाडीच्या चाकाला लागलेला चिखल दाखवून ‘मड’ म्हटलं की तो शब्द मुलीच्या डोक्यातून जाणार नाही, पाठ केलेली यादी परीक्षा झाली की जाते.

प्रश्न: मुलगा ‘बेड’ आणि ‘बॅड’ एकसारखंच म्हणतो आणि दोन्ही जुळतात म्हणतो. शाळेत सगळे हिंदीच बोलतात, त्याचा परिणाम असेल का? — एक आई, सुदामा नगर, इंदूर

असू शकतो ताई, पण हिंदीला दोष नको द्यायला. हिंदीत हा आवाज दोन मात्रांनी लिहितात, ‘बैट’, ‘बैंक’, ‘मैनेजर’, आणि आपण मराठीत ॅ लावून बॅट, बँक, मॅनेजर लिहितो. इंदुरात दुकानांच्या पाट्या हिंदी, घरात आजीचं पुस्तक मराठी, आणि शाळेत इंग्रजी, मग लहान मुलाला एकच आवाज तीन तऱ्हेने दिसतो आणि तो सगळ्यांचं मिळून एक करून टाकतो.

इथे मराठी कामाला येते. त्याला ‘पेन’ आणि ‘पॅन’ लिहून दाखवा, चंद्र काढून. एकाने लिहायचं, दुसऱ्यात भाजी परतायची. पेनचे मित्र टेन, मेन (पुरुष, पण अनेक), हेन (कोंबडी), आणि पॅनचे मित्र फॅन, कॅन, मॅन (एकच पुरुष). बॅड बरोबर सॅड, मॅड, डॅड. बेड बरोबर रेड, हेड आणि सेड, हा सेड म्हणजे ‘म्हणाला’, स्पेलिंगमध्ये ए-आय आहे तरी आवाज ‘ए’चाच आणि तोही आखूड. स्वयंपाकघरात दोन्ही वस्तू समोर ठेवून ‘पेन दे’, ‘पॅन दे’ असं खेळा, चुकीची वस्तू हातात आली की फरक आपोआप कानात बसतो.

तसंच फुल आणि फूल. पहिला म्हणजे भरलेला, दुसरा म्हणजे मूर्ख, पहिला पुल (ओढणे) शी जुळतो, दुसरा कूल आणि स्कूलशी. यात ऱ्हस्व-दीर्घ नीट ऐकायचं एवढंच, आणि ते मराठी मुलांना तर शुद्धलेखनात रोजच करावं लागतं.

प्रश्न: ‘वॉकिंग’ आणि ‘ईटिंग’, दोन्हीच्या शेवटी इंग, आवाज पण सारखा. मग हे यमक का नाही? — एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, इंदूर

फार चांगला प्रश्न. वर जोराचं जे सांगितलं ते इथे लागतं बघ. तू ‘वॉकिंग’ म्हणतेस तेव्हा जोर ‘वॉ’वर येतो, ‘इंग’वर नाही, म्हणून जुळवणी ‘वॉ’च्या स्वरापासून सुरू करायची. वॉकिंग-टॉकिंग जुळतं, ईटिंग-मीटिंग जुळतं, वॉकिंग-ईटिंग नाही. तसंच टेबल-केबल आणि स्टेशन-नेशन. मराठीत ‘जाणार-येणार’सारखं शेवटचं अक्षर जुळलं तरी आपल्याला बरं वाटतं, इंग्रजी कवितेत तेवढं पुरत नाही.

प्रश्न: इंग्रजीत असे शब्द आहेत का ज्यांना यमकच नाही?

आहेत. मंथ (महिना) ला रोजच्या वापरातला एकही जोडीदार नाही. सिल्व्हरला एक चिल्व्हर आहे, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू, पण तो बोलीतला शब्द, कोणी वापरत नाही. ऑरेंजची पण तीच गत.

प्रश्न: एका इंग्रजी सिरीयलमध्ये एक माणूस ‘यूज युअर लोफ’ म्हणतो. लोफ म्हणजे पाव ना? पाव वापर म्हणजे काय? — कॉलेजमधली एक वाचक, विजय नगर, इंदूर

लोफ म्हणजे पावच, बरोबर आहे तुझं. पण हे पूर्व लंडनच्या कॉकनी लोकांचं यमकाचं बोलणं आहे, एकोणिसाव्या शतकात तिथल्या बाजारात आणि रस्त्यावर वाढलेलं. पद्धत अशी की ‘हेड’ म्हणायचं असेल तर त्याच्याशी जुळणारा शब्दगट घ्यायचा, ‘लोफ ऑफ ब्रेड’. हेड-ब्रेड जुळलं. आणि मग जो शब्द जुळतो तोच गाळून टाकायचा आणि नुसतं ‘लोफ’ म्हणायचं! म्हणून यूज युअर लोफ म्हणजे डोकं वापर. तसंच पायांना, म्हणजे फीटला, ‘प्लेट्स ऑफ मीट’ आणि त्याचं नुसतं ‘प्लेट्स’, बघ जरा म्हणजे लुकला ‘बुचर्स हुक’ आणि त्याचं नुसतं ‘बुचर्स’. फोनला ‘डॉग अँड बोन’ म्हणतात, तिथे सहसा काही गाळत नाहीत. ज्याला माहीत नाही त्याला शून्य कळतं, आपल्यातलं बोलणं आपल्यात ठेवायला फार उपयोगी पडत असणार.

प्रश्न: नुसते हॅट-कॅट-रॅट म्हणवून घेण्याने काही फायदा होतो का? वेळ जातो असं वाटतं. — एक बाबा, तिलक नगर, इंदूर

फायदा होतो आणि तो तपासलेला आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्द ऐकवून त्यातला न जुळणारा ओळखायला सांगितला आणि पुढे काही वर्षं त्यांच्या वाचनावर लक्ष ठेवलं. ज्यांचा कान यमकाला तयार होता ती मुलं वाचनात पुढे निघाली, हे त्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलं. पण ऐकून ओळखणं आणि यादी घोकणं यात फरक आहे, घोकंपट्टीने खरंच वेळ जातो.

हाच खेळ घरी खेळा. तुम्ही म्हणा ‘हॅट, कॅट, कप, रॅट’, मुलाने वेगळा पकडायचा. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेलंत तर ‘स्वीट’पासून सुरू करा, स्वीट, ईट, सीट, स्ट्रीट, हीट, कढईसमोर उभं राहून हीट म्हणजे काय ते सांगावंच लागत नाही. मुलाने मधेच ‘झीट’ वगैरे बनवून सांगितलं तर थांबवू नका, कान बरोबर चाललाय, फक्त ‘याला अर्थ आहे का रे?’ एवढं विचारा.

प्रश्न: मोबाइलवरच्या एबीसीडीच्या गाण्यात शेवटी ‘झी’ म्हणतात, शाळेत ‘झेड’. कोणतं बरोबर?

दोन्ही. हे गाणं अमेरिकेतलं, 1835 मध्ये बोस्टनला छापलेलं, आणि तिथे शेवटच्या अक्षराला झी म्हणतात. झी म्हटलं की व्ही, पी, मी सगळ्यांशी यमक लागतं, झेड म्हटलं की गाणं तिथेच अडतं. ब्रिटनमध्ये आणि आपल्या शाळांत झेडच चालतं. मुलाला गाताना झी म्हणू द्या आणि शाळेत मॅडमनी विचारलं तर झेड सांगायला सांगा, मुलांना हे बरोबर जमतं.